खोक्याचं घर : सातव्या वाढदिवसाच्या नोंदी

रविवार, २० एप्रिल

लेकीचा सातवा वाढदिवस १८ मे रोजी, म्हणजे बरोबर चार आठवडे हातात आहेत. यंदा घरीच करायचा हे आम्ही दोघांनी मागच्या वर्षीच ठरवलं होतं. मागच्या वर्षी हॉल घेतला होता. साठ-सत्तर माणसं, माईक, कानठळ्या बसवणारी गाणी. केक कापायची वेळ झाली आणि लेकीचा पत्ताच नाही. शोधाशोध केली तेव्हा टेबलावरच्या लांब कापडाआड, एका मैत्रिणीसोबत बसलेली सापडली. गोंगाटाला घाबरून लपली असं मला वाटलं आणि ते वर्षभर मनात रुतून राहिलं.

आज भाजी निवडताना तिला विचारलं, "मागच्या वाढदिवसाचं तुला काय काय आठवतं गं?" मला वाटलं जादूगार म्हणेल, नाहीतर तो तीन मजली केक. तर म्हणाली, "टेबलाखालचं घर. आम्ही आत घर-घर खेळलो ना." मग थोडा विचार करून, "पण छोटं होतं. पाय दुमडून बसावं लागत होतं."

म्हणजे ती लपली नव्हती. सगळ्या थाटामाटातून तिने स्वतःपुरता वाढदिवस शोधून काढला होता आणि मी तिला हाताला धरून त्यातून बाहेर ओढलं होतं.

यंदाचं काम ठरलं: मोठं घर बांधायचं. बाकी जे काही होईल ते त्या घराच्या अवतीभवती.

मंगळवार, २२ एप्रिल

पाहुण्यांचा प्रश्न. वर्गात ३४ मुलं आहेत आणि काल रात्रीपर्यंत तिला सगळी हवी होती. "नाही" म्हणण्याऐवजी जमिनीवर खडूने चौकोन आखला. शेजारच्यांनी नवा फ्रिज घेतलाय, त्याचा खोका त्यांनी आपल्यासाठी ठेवलाय, आणि तसाच दुसरा मिळण्यासारखा आहे. एक खोका आडवा ठेवला की १७० सेंटीमीटर लांब, ७० रुंद. दोन शेजारी ठेवून मधली भिंत काढली की १७० बाय १४०. लेकीला मांडी घालून बसवलं, तिच्याभोवती खडू फिरवला. एका मुलाला साधारण अर्धा मीटर लांब-रुंद जागा लागते. तिने स्वतः चौकोनात चौकोन आखले. आडव्या ओळीत तीन, पण तिसऱ्याचं ढोपर भिंतीला लागतं. शेवटी आठवर आली.

"मी धरून आठ?"

"तू धरून आठ."

मग बराच वेळ ती बोटं मोजत बसली. सात नावं निघाली आणि ती सगळी खरोखर तिच्या खेळण्यातली आहेत. त्यात वर्गात फारसा कुणाशी न बोलणारा एक मुलगाही आहे. त्याचं नाव मी सुचवलं नसतं.

वयाइतकी मुलं बोलवावीत, फार तर एखादं जास्त, असा एक आडाखा आहे. तो आम्ही न ठरवताच पाळला गेला. वर्गात उरलेल्यांना वाईट वाटू नये म्हणून निमंत्रणं शाळेत वाटायची नाहीत, घरोघरी जाऊन द्यायची.

रविवार, २७ एप्रिल

निमंत्रणं. जुन्या वहीतली कोरी पानं, त्यावर बटाट्याचे ठसे. बटाटा अर्धा कापून त्यावर घराचा आकार मी कोरला, रंग तिने लावला. कापलेली बाजू आधी फडक्याने कोरडी करावी लागते, नाहीतर रंग फाकतो. पहिले चार ठसे त्यात गेले.

मजकुरावर घोटाळलो. वेळ दोन्ही टोकांची लिहिली, ४ ते ६. या वयाच्या मुलांना दोन तास भरपूर होतात. त्यानंतर दमतात, मग कुणीतरी रडतं आणि तेच लक्षात घेऊन घरी जातं. खाली "कुठल्या पदार्थाची ॲलर्जी असल्यास जरूर कळवा" हेही घातलं.

भेटवस्तूंचं काय? "भेट नको" एवढंच लिहिलं तर लोक संकोचतात आणि आणतातच. घरात खेळणी आधीच उतू चाललीत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. लहानग्यांसमोर कधी १६ खेळणी ठेवली, कधी फक्त ४. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. धाकट्याकडे बघते तेव्हा ते रोज पटतं.

तोडगा लेकीनेच काढला. निमंत्रणाखाली तिच्या अक्षरात: "भेट आणू नको. एक रिकामा खोका आण. आपण घर बांधणार आहोत."

गुरुवार, १ मे

निमंत्रणं पोचली. एका आईचा फोन आला, "अहो, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?" म्हटलं, "रिकामा हात नको, रिकामा खोका पाठवा. त्याच्याशिवाय त्यांच्या घरात टेबल-खुर्च्याच येणार नाहीत." हसल्या. मग म्हणाल्या, "मोठ्या बुटांचा चालेल?" चालेल.

शनिवार, ३ मे

पुठ्ठ्याचा अभ्यास. माझ्या दृष्टीने हे या सगळ्या कामातलं सर्वात रंजक प्रकरण, म्हणून नीट लिहून ठेवते.

खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद चिकटवलेला असतो. त्याच्या बारीक नळ्या तयार होतात आणि सगळी ताकद त्या नळ्यांच्या दिशेत असते. नळ्या उभ्या असतील तर भिंत वजन झेलते, आडव्या असतील तर हात टेकला की मध्येच मोडते. उभा फ्रिज नेणाऱ्या खोक्याच्या नळ्या उंचीच्या दिशेने असतात. आपण खोका आडवा केला की त्या आडव्या होतात. म्हणजे आमच्या लांब भिंती कच्च्या. उपाय म्हणून उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, नळ्या उभ्या राहतील अशा, आणि आतून दर ४० सेंटीमीटरवर चिकटवल्या. खांबच म्हणायचे.

घडी हवी असेल तिथे सरळ दुमडलं तर पुठ्ठा वाटेल तसा मोडतो. आधी पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने रेघ दाबायची, मग घडी पडते. कटर फक्त मोठ्यांच्या हातात. पिना सगळ्या उपटून मोजल्या. दोन खोक्यांत मिळून २२ निघाल्या.

बसलेल्या लेकीची उंची ६४ सेंटीमीटर, छत ७० वर. डोकं टेकत नाही, पण बिचकायला होतं. म्हणून वरची बाजू मधोमध कापून झडपा उचलल्या आणि उतरतं छप्पर केलं.

रविवार, ४ मे

चिकटवायला खळ केली. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवला, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहिले. पांढरा रंग जाऊन चकाकी आली की उतरवायची. पिठातले स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, त्यातून चिकटपणा येतो. पातळ थर पुरतो. मी पहिल्या पट्टीला भरभरून लावली तर पुठ्ठा ओला होऊन वाकडा झाला. नंतर पातळ लावून रात्रभर वर पुस्तकं ठेवली. सकाळी ओढूनही निघाली नाही. उरलेली खळ दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा थोडीथोडीच करावी.

लेकीने विचारलं, "हे पिठानेच चिकटतं तर मग लोक गोंद का आणतात?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

गुरुवार, ८ मे

पताका. जुन्या मासिकांचे त्रिकोण, पाया १५ सेंटीमीटर, दोहोंत ५ सेंटीमीटर अंतर. म्हणजे एका पताकेला २० सेंटीमीटर दोरा, चार मीटरच्या दोऱ्याला २० पताका. हिशेब तिने केला.

फुगे नाहीत. धाकटा दोन वर्षांचा आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसला तर श्वासनलिकेवर घट्ट चिकटतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी तसा इशारा छापावा लागतो. आठही मुलं त्याच वयातली. लेक थोडी हिरमुसली, पण कारण सांगितल्यावर धाकट्याकडे बघून म्हणाली, "बरं, नको."

रविवार, ११ मे

केकची रंगीत तालीम आणि पहिला केक बसला. मधोमध खड्डा. चूक माझी: विसाव्या मिनिटाला ओव्हन उघडून पाहिला. बेकिंग पावडरमुळे पिठात वायूचे बुडबुडे तयार होतात, पण भोवतालचं पीठ शिजून घट्ट होईपर्यंत त्यांना आधार नसतो. त्या वेळी गार हवा आत गेली की बुडबुडे आकसतात आणि केक खाली बसतो. पहिला अर्धा तास दाराला हात लावायचा नाही. शिवाय डब्यातली बेकिंग पावडर जुनी होती. चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहिली तर जेमतेम फसफसली. नवी आणली. संध्याकाळचा दुसरा केक छान फुगला.

गोल साचा बाजूला ठेवला. २० सेंटीमीटरचा चौकोनी साचा घेतला तर ५ सेंटीमीटरचे १६ तुकडे बरोबर पडतात. मुलांना एकेक, घ्यायला आलेल्या आई-बाबांना उरलेले. कुणाचा तुकडा मोठा यावरून भांडण नाही.

आई फोनवर म्हणाली, "साखर बेताची घाल गं, नाहीतर मुलं उधळतात." बेताची घालणारच आहे, दातांसाठी. पण उधळण्याचं कारण साखर नव्हे. १९९५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा आला होता. साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग तर आईबापांनी वाचावा असाच आहे. ५ ते ७ वर्षांच्या मुलांच्या आयांना सांगितलं की मुलाला साखर दिलीय, प्रत्यक्षात साखर दिलीच नव्हती. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. मागच्या वर्षी मुलं उधळली तेव्हा मीही सगळा दोष केकवर ढकलला होता. आवाज, गर्दी आणि जेवायला झालेला उशीर यांच्याकडे पाहिलंच नाही.

बुधवार, १४ मे

खेळ ठरवले. थोडेच: चिठ्ठ्यांवरून खजिना शोधणं (३० मिनिटं), गाणं थांबलं की पुतळा, आणि बाकी वेळ घर.

बक्षिसं ठेवायची नाहीत, यावर नवऱ्याशी थोडी चर्चा झाली. त्याचं म्हणणं, बक्षिसाशिवाय चुरस नाही. मी त्याला १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग सांगितला. स्केचपेनने चित्रं काढायला आवडणाऱ्या ३ ते ५ वर्षांच्या काही मुलांना आधीच कबूल केलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. ते मिळालंही. नंतर कुणी काही देत नसताना ती मुलं आपणहून चित्रं काढायला बसायची, त्यात मात्र इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ रमली. घर बांधण्याचंही तसंच झालं तर? "छान भिंत बांधणाऱ्याला बक्षीस" असं मी म्हटलं की भिंत माझी होते. तो गप्प बसला, मग म्हणाला, "खजिन्यात काहीतरी तर असू दे." असू दे. रंगीत टेपची रिळं, घरासाठीच.

रिटर्न गिफ्टचं अजून सुचत नाही.

शनिवार, १७ मे

मेणबत्त्यांचा विचार. फुंकर म्हणजे थोडी थुंकीही आलीच. २०१७ मध्ये क्लेमसन विद्यापीठात मोजलं गेलं होतं: मेणबत्त्या फुंकल्यावर आयसिंगवरचे जिवाणू १४०० टक्क्यांनी जास्त आढळले. निरोगी मुलांना त्यातून फारसं काही होत नाही, पण एखाद्याला सर्दी असेल तर सगळ्यांनी वाटून घ्यायची गरज नाही. वाटीएवढा वेगळा केक केला. मेणबत्त्या त्यावर, तो फक्त लेकीचा.

मेणबत्त्यांचं टेबल पुठ्ठ्यापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. हे अगदी पक्कं.

रविवार, १८ मे

रात्रीचे दहा. पाय दुखताहेत, पण आजच लिहायचंय.

चारला दहा कमी असताना पहिला मुलगा आला. हातात खोका, खोक्यात दुसरा खोका, त्यात तिसरा. सव्वाचारपर्यंत सातही जण, अकरा खोके. लेक दारात उभी राहून प्रत्येक खोका हातात घेऊन उघडून बघत होती. वेष्टनातल्या भेटी तिने कधी इतक्या मन लावून उघडलेल्या मी पाहिल्या नाहीत. बुटांच्या खोक्याची चूल झाली, चहाच्या खोक्याचं कपाट. लांबट खोक्याचं काय करायचं यावर पाच मिनिटं वाद झाला आणि त्याचं धुराडं झालं.

खजिन्याचा खेळ नऊ मिनिटांत संपला. तीस धरली होती. चिठ्ठ्या फार सोप्या झाल्या आणि आठ डोकी एकत्र चालली. पोटात गोळा आला, एकवीस मिनिटांचं काय करू? काहीच करावं लागलं नाही. खजिन्यातल्या टेपची रिळं घेऊन सगळी थेट घराकडे पळाली. पुतळ्याचा खेळ राहूनच गेला.

पाचच्या सुमाराला मागची भिंत वाकली. तिघं एकदम टेकली होती. मी उठणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "नळ्या उभ्या कर!" आणि ती मंडळी पट्टी शोधायला लागली. पट्टी आडवी लावली गेली, परत मोडली, मग उभी लावली. मी जागची हलले नाही.

तो न बोलणारा मुलगा सुरुवातीला भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याला खेळात ढकलायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. पाणी दिलं, शेजारी बसले. दहा-बारा मिनिटांनी त्याने हळूच विचारलं, "या घराला पत्र कुठून टाकायचं?" खरंच की, ते राहिलंच होतं. त्याने जागा दाखवली, मी कटरने फट कापली, त्याने खाली डबा चिकटवला. मग तो टपाल कचेरी झाला. कागदाचे चौकोन करून त्याने सगळ्यांना वाटले आणि ज्याला त्याला सांगू लागला, "पत्र लिही, मी पोचवतो." पुढचा अर्धा तास घरात आणि घराबाहेर मुलं पालथी पडून पत्रं लिहीत होती. एकमेकांना, लेकीला, धाकट्याला, एक मलाही. रिटर्न गिफ्टचं कोडं असं सुटलं. प्रत्येक मूल जाताना आपल्या नावची सहा-सात पत्रं घेऊन गेलं.

साडेपाचला केक. लेकीने मेणबत्त्या फुंकल्यावर नवऱ्याने ठरलेली गंमत दाखवली. विझलेल्या वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुरात पेटती काडी धरली, वातीपासून दोन बोटं वर, आणि ज्योत उडी मारून परत वातीवर आली. तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ, गार होऊन कणाकणाने दिसणारी. जळते ती वाफ, घट्ट मेण नव्हे. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ आणि १८६० मध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यांत हा प्रयोग होता. नवऱ्याला ती गंमत सहा वेळा करावी लागली. काडी त्याच्याच हातात, मुलं दोन पावलं मागे.

सहाला पालक आले. कुणीच बाहेर यायला तयार नव्हतं. एक बाबा गुडघ्यांवर बसून आत डोकावले आणि त्यांनाही टपालातून पत्र मिळालं.

सोमवार, १९ मे

हिशेब. मागच्या वर्षीचा खर्च १०० धरला तर यंदाचा १३. त्यातले ८ खाण्याच्या सामानाचे, ३ रंग आणि टेपचे, २ किरकोळ. वेळ मात्र लिहायलाच हवा, कारण तो लागतो: माझे जवळपास २१ तास, नवऱ्याचे ६. मागच्या वर्षी तीन-चार फोनमध्ये काम भागलं होतं. ज्यांच्याकडे एवढे तास नाहीत त्यांनी एकच खोका घ्यावा, चार मुलं बोलवावीत, केक बाहेरून आणावा. बांधायचं काम मुलांवरच सोडलं असतं तर माझे निदान आठ तास वाचले असते. भिंत त्यांनी दुरुस्त केलीच की.

पुढच्या वेळेसाठी: चिठ्ठ्या अवघड करणे. पाणी जास्त, खाणं कमी, निम्मं उरलं. छोट्या कात्र्या आठ हव्यात, तीनच होत्या.

रविवार, २५ मे

घर अजून खोलीत उभं आहे. छप्पर एका बाजूने फाटलंय, धुराडं पडलंय. आज रद्दीवाल्याला देऊ या का, असं विचारलं तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

दुपारी डब्यात माझ्या नावचं पत्र होतं. "आई, आत ये. पाय बाहेर ठेवलेस तर मावशील." गेले. पाय बाहेर ठेवून मावते.